मुखलक्षणे आणि मनुष्यस्वभाव

आगगाडीच्या डब्यात आपण एकटेच प्रवास करीत आहोत. पुढच्या स्थानकावर पाणी आणण्यासाठी उतरावयाचे आहे आणि सामान कोणाच्या तरी स्वाधीन करणे भाग आहे. समोरच्या बाकावर चार अनोळखी प्रवासी बसलेले आहेत. त्यांपैकी एकाशीही आपले बोलणे झालेले नाही. तरीही आपण क्षणभर चौघांकडे पाहतो आणि त्यांतील एकाला म्हणतो, "जरा लक्ष ठेवाल का?" हाच गृहस्थ का निवडला, असे कोणी विचारल्यास आपले उत्तर तयार असते: "चेहऱ्यावरून भला माणूस वाटला." परत येऊन पाहावे, तो बहुधा सामान जागच्या जागी असते, आणि माणसे ओळखण्याची आपली शक्ती चांगली आहे, हा आपला समज आणखी दृढ होतो. उरलेल्या तिघांनी ते सामान तितक्याच प्रामाणिकपणे सांभाळले असते की नाही, हे मात्र आपणांस कधीच कळत नाही.

या छोट्याशा प्रसंगात प्रस्तुत विषयाचे मर्म सामावलेले आहे. चेहरा पाहून माणसाच्या स्वभावाविषयी मत बनविणे, ही मनुष्यमात्राची जुनी सवय होय. आपल्या भाषेतही तिच्या खुणा जागोजागी आढळतात. 'चेहरा हा मनाचा आरसा' असे म्हणणारी व्यक्तीच दुसऱ्या दिवशी, फसवणूक झाल्यावर, 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' असे म्हणते. म्हणी दोन्ही बाजूंनी साक्ष देतात. तेव्हा त्यांच्यावर विसंबून हा वाद मिटणार नाही. तो मोजमापाने आणि पडताळ्यानेच मिटवावयास हवा.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. चेहऱ्याची ठेवण निराळी आणि चेहऱ्यावरील मुद्रा निराळी. नाकाचा बाक, कपाळाची रुंदी, हनुवटीचा आकार, दोन डोळ्यांमधील अंतर ही झाली ठेवण. ती हाडे, कूर्चा आणि त्वचेखालील मेद यांनी घडते आणि दिवसभरात बदलत नाही. राग, भीती, आनंद, शरम यांच्या योगे चेहऱ्यावर जे क्षणोक्षणी उमटते व मावळते, ती झाली मुद्रा. ती चेहऱ्याच्या स्नायूंची करणी असून त्यांना चालना देणारी मज्जातंतूंची एक जोडी मेंदूतून निघते. समोरचा माणूस या घटकेस रागावला आहे की नाही, हे मुद्रेवरून बऱ्याच वेळा कळते, आणि ते कळणे उपयुक्तही असते. परंतु तो रागीट आहे काय, लबाड आहे काय, शूर आहे काय, हे त्याच्या नाकावरून कळते काय? प्रश्न हा आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच पुढे सांगितलेला बराचसा इतिहास घडला.

एक प्राचीन विद्या

भारतात अंगलक्षणांवरून फल सांगण्याची विद्या सामुद्रिक या नावाने प्रसिद्ध आहे. इसवी सनाच्या सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त पुरुषलक्षणांवर व स्त्रीलक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहेत. तेथील भर स्वभावापेक्षा भाग्यावर, म्हणजे धन, आयुष्य, संतती यांवर अधिक आहे. ग्रीस देशात ॲरिस्टॉटलच्या नावावर मोडणारा, परंतु बहुधा त्याच्या संप्रदायातील कोणी लिहिलेला, या विषयावरील एक ग्रंथ उपलब्ध आहे. त्यातील युक्तिवाद सोपा आहे: सिंह शूर असतो आणि त्याचे केस राठ असतात; म्हणून राठ केसांचा माणूस शूर. हाच धागा धरून नेपल्सच्या जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता याने 1586 मध्ये एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात माणसांचे व पशूंचे चेहरे शेजारी शेजारी छापले. मेंढीसारखा चेहरा दिसला की मनुष्य मेंढीसारखा मानावयाचा! मेंढीला तरी तिचा स्वभाव कोणी विचारला होता, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडला नाही.

सॉक्रेटिसाविषयीची एक कथा सिसेरो या रोमन लेखकाने सांगितली आहे. झोपिरस नावाच्या एका मुखलक्षणतज्ज्ञाने सॉक्रेटिसाचा चेहरा पाहून हा मनुष्य मंद व विषयासक्त असला पाहिजे, असा निर्णय दिला. शिष्य हसू लागले. पण सॉक्रेटिसाने त्या तज्ज्ञाची बाजू घेतली: ते दोष आपल्या ठिकाणी मुळात होते, पण विवेकाने आपण त्यांवर मात केली, असे तो म्हणाला. कथा मोठी गोड आहे. तथापि परीक्षकाच्या दृष्टीने तिच्याकडे पाहावे. निर्णय जुळला तर विद्या खरी. आणि न जुळला तर माणसाने आपला स्वभाव बदलला, म्हणूनही विद्या खरीच! जे विधान कोणत्याही पुराव्याने खोटे ठरू शकत नाही, ते कितीही गोड असले तरी विज्ञानाच्या उपयोगाचे नाही.

अठराव्या शतकात या विद्येला नवी प्रतिष्ठा लाभली ती झुरिचचा धर्मोपदेशक योहान कास्पर लाव्हाटर याच्यामुळे. 1775 ते 1778 या काळात त्याने चार भव्य खंड प्रसिद्ध केले. त्यांत चित्रे होती, छायाकृती होत्या, आणि प्रत्येकीखाली आत्मविश्वासाने लिहिलेले भाष्य होते. युरोपातील अनेक भाषांत या ग्रंथाची भाषांतरे झाली.

लाव्हाटरला तितक्याच तोलाचा प्रतिपक्षी भेटला. गटिंगेन येथील पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक गेऑर्ग क्रिस्टोफ लिख्टेनबर्ग याने 1778 मध्ये या मताचे खंडन प्रसिद्ध केले. लिख्टेनबर्गला पाठीच्या कण्याच्या विकारामुळे लहानपणापासून कुबड होते. सुंदर शरीरात सुंदर मन वसते, या सिद्धांताचा अर्थ काय होतो हे त्याला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. परंतु त्याचे आक्षेप वैयक्तिक नव्हते. रोग, अपघात, हवामान, आहार, धंदा यांचे ठसे शरीरावर उमटतात. त्यांतून स्वभावाचा ठसा वेगळा कसा काढणार, हा त्याचा एक प्रश्न होता. ठेवण आणि मुद्रा यांतील भेदही त्यानेच ठळकपणे मांडला. आणि त्याने एक इशारा दिला होता: ही विद्या जर लाव्हाटरच्या अपेक्षेप्रमाणे सिद्धीस गेली, तर फाशीस योग्य अशी कृत्ये हातून घडण्यापूर्वीच मुलांना फाशी देण्यात येईल. ही अतिशयोक्ती वाटेल. पुढील शतकाने ती फारशी अतिशयोक्ती राहू दिली नाही.

डार्विनचे नाक

1831 साली 'बीगल' या जहाजाचा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय एका सोबत्याच्या शोधात होता. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याचे सर्वेक्षण करावयाचे होते. प्रवास दीर्घ होता, आणि निसर्गशास्त्राची आवड असलेला सुशिक्षित तरुण बरोबर असावा अशी त्याची इच्छा होती. चार्ल्स डार्विन नावाचा बावीस वर्षांचा एक तरुण भेटीस आला. फिट्झरॉय हा लाव्हाटरचा निष्ठावंत अनुयायी होता. त्याने तरुणाचे नाक न्याहाळले आणि तो साशंक झाला. अशा नाकाच्या माणसाच्या अंगी एवढ्या प्रवासास लागणारी धडाडी व निश्चय असणे कठीण, असे त्याला वाटले. ही हकिकत स्वतः डार्विनने आत्मचरित्रात नोंदविलेली आहे.

सुदैवाने कप्तानाचा आग्रह फार ताणला गेला नाही. 27 डिसेंबर 1831 रोजी जहाज निघाले ते 2 ऑक्टोबर 1836 रोजी परतले. समुद्र लागण्याच्या त्रासाने डार्विन जवळजवळ पाच वर्षे हैराण होता. तरीही त्याने डोंगर चढले, जीवाश्म उकरले, सहस्रावधी नमुने गोळा केले आणि वह्यांमागून वह्या भरल्या. आपल्या नाकाने कप्तानाला खोटेच सांगितले होते, अशी मिस्किल टिप्पणी त्याने मागाहून केली आहे.

वाचकांनी येथे थोडे थांबावे. डार्विनला संधी मिळाली म्हणून नाकाचा निर्णय चुकला हे कळले. जर फिट्झरॉयने त्याला परत पाठविले असते, तर तो निर्णय चुकीचा ठरविणारा पुरावाच निर्माण झाला नसता. आणि डार्विन बहुधा एखाद्या खेड्यात धर्मोपदेशक झाला असता, कारण वडिलांनी त्याच्यासाठी तोच मार्ग योजिला होता. रेल्वेच्या डब्यातील उरलेल्या तीन प्रवाशांची गोष्ट हीच आहे. ज्यांना आपण चेहऱ्यावरून नाकारतो, त्यांची परीक्षा कधी होतच नाही.

कवटी, कारागृह आणि काचपट्टी

इटलीतील वैद्य चेझारे लोंब्रोझो याने मुखलक्षणांना विज्ञानाचा पोशाख चढविला. एका दरोडेखोराच्या कवटीच्या मागील भागात त्याला एक असाधारण खळगा आढळला आणि त्यावरून गुन्हेगार हा मानवाच्या आदिम अवस्थेकडे परतलेला प्राणी होय, अशी कल्पना त्याने रचली. 1876 मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. मोठे जबडे, उंच गालफडे, मुठीसारखे बाहेर आलेले कान ही त्याच्या मते जन्मजात गुन्हेगाराची चिन्हे होत. लोंब्रोझोने मोजमापे पुष्कळ घेतली, हे नाकारता येत नाही. उणीव होती ती तुलनेची. तुरुंगातील शंभर माणसांपैकी इतक्यांचे कान मोठे आहेत, हे सांगणे पुरेसे नाही. तुरुंगाबाहेरील शंभर माणसांपैकी किती जणांचे कान मोठे आहेत, हेही मोजले पाहिजे.

ही तुलना चार्ल्स गोरिंग या इंग्रज तुरुंग-वैद्याने केली. सुमारे 3,000 कैद्यांची मापे घेऊन ती विद्यार्थी, सैनिक इत्यादी इतर समूहांच्या मापांशी पडताळण्यात आली. संख्याशास्त्राचे काम कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत झाले. 1913 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: गुन्हेगाराचा म्हणून असा कोणताही शारीरिक नमुना अस्तित्वात नाही. कैदी उंचीने व वजनाने सरासरीहून काहीसे कमी भरले, एवढेच. गरिबी आणि अपुरे अन्न यांकडे बोट दाखविणारी ही गोष्ट होती. गोरिंगने मात्र तिच्यात आनुवंशिक दौर्बल्य पाहिले. एक भ्रम मोडणारा मनुष्य दुसऱ्या भ्रमापासून मुक्त असतोच असे नाही.

याहून मनोरंजक प्रयोग डार्विनचाच आतेभाऊ फ्रान्सिस गॉल्टन याने त्यापूर्वीच केला होता. गुन्हेगारांचा नमुनेदार चेहरा कसा असतो हे त्याला पाहावयाचे होते. तुरुंगखात्याच्या अधिकाऱ्याने त्याला कैद्यांची छायाचित्रे दिली. गॉल्टनने ती एकाच काचपट्टीवर, डोळ्यांवर डोळे येतील अशी जुळवून, प्रत्येकी अल्पकाळ उमटविली. जे सर्वांत समान असेल ते गडद होईल आणि जे एकट्यादुकट्याचे असेल ते पुसट होईल, अशी ही युक्ती. आता अपेक्षा अशी की गुन्हेगारीचे लक्षण जर चेहऱ्यात असेल, तर या संयुक्त छायाचित्रात ते अधिकच स्पष्ट व्हावे. झाले उलटे. एकेक कैद्याच्या चेहऱ्यात भासणारा उग्रपणा संयुक्त चित्रात नाहीसा झाला आणि एक सामान्य, किंबहुना काहीसा देखणा चेहरा पुढे आला. गॉल्टनने 1878 मध्ये हे प्रसिद्ध केले. पुढे 1990 च्या सुमारास संगणकाने चेहरे एकत्र केल्यावरही हेच दिसले की अनेक चेहऱ्यांची सरासरी ही सुटसुटीत व आकर्षक भासते. गॉल्टन ज्याच्या शोधात होता ते त्याला सापडले नाही, आणि न सापडल्याचे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. त्याची इतर अनेक मते आज आपणांस मान्य होणार नाहीत. हा प्रामाणिकपणा मात्र नोंदविण्याजोगा आहे.

नासिकांक आणि भारत

भारतात ही विद्या कालव्यास घेऊन आली. हर्बर्ट रिस्ले या सनदी अधिकाऱ्याने बंगालमधील जाती-जमातींची मापे घेतली आणि 1891 मध्ये ती प्रसिद्ध केली. नाकाच्या रुंदीला 100 ने गुणून उंचीने भागले असता येणारी संख्या म्हणजे नासिकांक. समजा, नाक 50 मिलिमीटर उंच व 35 मिलिमीटर रुंद आहे. तर नासिकांक 70 झाला. रिस्लेचा दावा असा होता की नासिकांक जसजसा वाढतो, तसतसा जातीचा सामाजिक दर्जा खाली येतो. 1901 च्या जनगणनेचा तो आयुक्त होता. त्यामुळे हा केवळ एका संशोधकाचा तर्क न राहता त्याला सरकारी वजन प्राप्त झाले. सामाजिक अन्याय हा माणसांनी केलेला नसून निसर्गाने नाकावर लिहिलेला आहे, असे सुचविणारा सिद्धांत ज्यांना सोयीचा होता त्यांनी तो आनंदाने उचलला.

त्याची तपासणी भारतीयांनी केली, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असले पाहिजे. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये हे मूळचे मालवणचे. 1932 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जाती व वंश यांवरील ग्रंथात त्यांनी रिस्लेची आकडेवारी प्रांतवार मांडून दाखविली. उत्तर हिंदुस्थानातील एका प्रदेशात काहीसा मेळ बसतो; इतरत्र जातींचा क्रम आणि नाकांचा क्रम यांची फारकत होते. पुढच्याच वर्षी, 1933 मध्ये, प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 'संख्या' या नियतकालिकात रिस्लेच्या बंगालविषयक आकड्यांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. छापलेली मापे व त्यांवरून काढलेले अंक यांचा परस्परांशी मेळ बसतो का, हे त्यांनी एकेक करून पाहिले आणि त्यांत पुष्कळ चुका निघाल्या. ज्या पायावर एवढी इमारत उभी केली होती, त्या पायाच्या विटा कोणी मोजल्याच नव्हत्या.

नाकाच्या रुंदीचे खरे कारण काय असावे, याचेही संशोधन झाले आहे. टॉमसन आणि बक्स्टन या शास्त्रज्ञांनी 1923 मध्ये असे दाखविले की उष्ण व दमट प्रदेशांतील लोकांची नाके सरासरीने रुंद आणि थंड, कोरड्या प्रदेशांतील लोकांची अरुंद असतात. नाकावाटे जाणारी हवा फुप्फुसात पोहोचण्यापूर्वी कोमट व ओलसर व्हावी लागते. अरुंद नाकात ती आतील त्वचेच्या अधिक सान्निध्यात येते. 2017 मधील एका अभ्यासातही नाकपुड्यांच्या रुंदीचा तापमान व आर्द्रता यांच्याशी संबंध आढळला. तात्पर्य, नाकाला काम आहे ते हवेचे. चारित्र्याचा दाखला देण्याची जबाबदारी आपण त्याच्यावर लादलेली आहे.

याच मालिकेत इरावती कर्वे यांचे काम मोडते. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनमधील मानवशास्त्र-संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत होत्या. कवटीच्या उजव्या व डाव्या बाजूंतील असमानता वंशपरत्वे निराळी असते आणि युरोपीय लोकांची तर्कबुद्धी तिच्याशी निगडित आहे, अशी मार्गदर्शकांची धारणा होती. कर्वे यांनी 149 कवट्यांची मापे घेतली. असमानतेचा वंशाशी संबंध आढळला नाही, आणि त्यांनी तसे लिहून दिले. परक्या देशात, आपल्याच परीक्षकाच्या मताविरुद्ध, आणि तेही अशा काळात की जेव्हा त्या देशात वंशश्रेष्ठतेचे वारे जोराने वाहू लागले होते! पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी जे विपुल कार्य केले, ते मराठी वाचकांस परिचित आहे. कवट्यांची ही हकिकत तेवढी परिचित नाही.

आकृतीऐवजी जन्मच दोषाचा पुरावा मानला म्हणजे काय होते, हे आपल्या देशाने सोसले आहे. 1871 च्या कायद्याने कित्येक जमाती संपूर्णतः गुन्हेगार ठरविल्या गेल्या. त्यांतील मूल जन्मतःच संशयित होते. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 पासून रद्द झाला आणि या जमाती विमुक्त झाल्या. लिख्टेनबर्गच्या इशाऱ्याची येथे आठवण व्हावी.

सेकंदाचा दहावा भाग

एवढा पुरावा विरुद्ध असताना चेहऱ्यावरून माणूस कळतो अशी खात्री आपणांस का वाटते? या प्रश्नाकडे मानसशास्त्रज्ञांनी अलीकडे विशेष लक्ष दिले आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात विलिस आणि टोडोरोव्ह यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनोळखी चेहरे केवळ 100 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, दाखविण्यात आले. तेवढ्या वेळात लोकांनी हा विश्वासू, हा कर्तबगार अशी मते दिली. आणि भरपूर वेळ देऊन घेतलेल्या मतांशी ती जुळली. अधिक वेळ मिळाल्याने मत फारसे बदलले नाही. त्याविषयीची खात्री मात्र वाढली.

अशी मते बरीचशी सामाईक असतात. 2005 मध्ये टोडोरोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी सिनेटच्या निवडणुकांतील दोन दोन उमेदवारांची छायाचित्रे लोकांना दाखवून अधिक कर्तबगार कोण दिसतो, असे विचारले. जो अधिक कर्तबगार दिसला तो सुमारे 70 टक्के लढतींत विजयी झालेला होता. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात स्वित्झर्लंडमधील 5 ते 13 वर्षे वयाच्या मुलांना फ्रान्समधील उमेदवारांचे चेहरे दाखविले आणि जहाजाचा कप्तान म्हणून कोणाला निवडाल, असे विचारले. मुलांच्या निवडीही बहुतांशी विजयी उमेदवारांवरच पडल्या. यावरून मुले राजकारणात प्रवीण असतात असे सिद्ध होत नाही. प्रौढ मतदारही काही अंशी मुलांप्रमाणेच निवड करतात, असा याचा अर्थ होतो.

येथे एकमत आणि सत्य यांतील फरक लक्षात ठेवावा. शंभर माणसांनी एका चेहऱ्यास 'लबाड' म्हटले, तर त्या शंभरांच्या मनाविषयी आपणांस काहीतरी कळते. चेहऱ्याच्या मालकाविषयी काहीच कळत नाही. हे एकमत कोठून येते, याचे एक स्पष्टीकरण असे: मुद्रा ओळखण्याची आपली शक्ती गरजेपेक्षा अधिक तत्पर आहे. ज्याच्या भुवया जन्मतः खाली झुकलेल्या असतात, तो स्वस्थ बसलेला असतानाही रागावलेला भासतो. ज्याच्या ओठांचे कोपरे वर वळलेले असतात, तो हसतमुख व म्हणून सज्जन वाटतो. मोठे डोळे व गोल गाल पाहिले की बाळाची आठवण होते आणि तो मनुष्य निरागस वाटू लागतो. ठेवणीला आपण मुद्रा समजतो आणि क्षणिक मुद्रेला कायमचा स्वभाव. एकावर एक अशा या दोन चुका होत. काही प्रयोगांत लोकांचे अंदाज योगायोगापेक्षा थोडे अधिक बरोबर येतात, हे खरे. पण त्यात स्मित, केशरचना, पोशाख अशा माणसाने स्वतः निवडलेल्या गोष्टींचा वाटा असतो.

ही चूक नेहमीच निरुपद्रवी राहत नाही. कॅनडातील विल्सन आणि रूल यांनी 2015 मध्ये फ्लॉरिडा राज्यात खुनाबद्दल शिक्षा झालेल्या कैद्यांची छायाचित्रे तपासली. काहींना मृत्युदंड व काहींना जन्मठेप झालेली होती. छायाचित्रे पाहणाऱ्यांना या शिक्षांची कल्पना नव्हती. तरी ज्यांना मृत्युदंड झाला होता त्यांचे चेहरे त्यांना सरासरीने कमी विश्वासार्ह वाटले. याहून भयंकर गोष्ट अशी की, मागाहून जे निरपराध म्हणून सुटले त्यांच्या बाबतीतही मूळ शिक्षा आणि चेहरा यांचा हाच संबंध दिसून आला.

यंत्राचा निवाडा

माणूस पक्षपाती असेल, पण यंत्र तर नि:पक्षपाती आहे ना, असे पुष्कळांना वाटते. 2016 मध्ये शांघाय येथील दोन संशोधकांनी 1,856 छायाचित्रे संगणकाला शिकविली व चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखण्यात त्याला सुमारे 90 टक्के यश येते, असे जाहीर केले. टीकाकारांनी छायाचित्रे पाहिली. निरपराध गटातील पुष्कळांच्या गळ्याशी पांढरी कॉलर होती व त्यांच्या ओठांवर स्मिताची छटा होती. दुसऱ्या गटात ती नव्हती. यंत्राने कदाचित गुन्हेगार नव्हे, तर प्रसन्नपणे छायाचित्र काढवून घेतलेला मनुष्य ओळखावयास शिकून घेतले होते.

पण क्षणभर 90 टक्क्यांचा दावा खरा मानू आणि साधे गणित करून पाहू. दहा लाख वस्तीच्या एका शहरात शंभरात एक मनुष्य चोर आहे असे धरा. म्हणजे चोर 10,000 आणि सज्जन 9,90,000. यंत्र चोरांपैकी 9,000 जणांना बरोबर पकडील. सज्जनांच्या बाबतीत ते शंभरात दहा वेळा चुकेल, म्हणजे 99,000 निरपराध लोकांवर ठपका येईल. एकूण आरोपी 1,08,000. त्यांत खरे चोर 9,000. दर बारा आरोपींत अकरा निर्दोष! ज्या शाळांत टक्केवारी शिकविली जाते, तेथे हे उदाहरण फळ्यावर अवश्य करून दाखवावे. शेकडा 90 या शब्दाचा दरारा त्याने बराच कमी होतो.

चेहऱ्यावरून काहीच कळत नाही, असे मात्र समजू नये. वैद्य चेहरा पाहतो तो उगाच नव्हे. काविळीत डोळे पिवळे होतात, कंठग्रंथीच्या एका विकारात ते बाहेर आल्यासारखे दिसतात, कंपवातात चेहऱ्याची हालचाल मंदावून तो मुखवट्यासारखा स्थिर होतो. या शेवटच्या उदाहरणातील रुग्णाला पाहून 'हा मनुष्य रुक्ष आहे' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. वस्तुतः तो मनातून हसत असतो, पण स्नायू साथ देत नाहीत. वैद्याच्या लक्षणांमागे कार्यकारणभाव असतो आणि रक्ताच्या किंवा अन्य तपासणीने त्यांचा पडताळा घेता येतो. मुखसामुद्रिकात यांपैकी काहीच नाही.

वर्गात करावयाचा प्रयोग

जुन्या वर्तमानपत्रांतून व मासिकांतून विद्यार्थ्यांना अपरिचित अशा 12 व्यक्तींची, शक्यतो सारख्या आकाराची छायाचित्रे कापून घ्यावीत. त्यांत तीन वैज्ञानिक, तीन खेळाडू, तीन गायक व तीन उद्योजक असावेत. गणवेश, वाद्ये, पदके इत्यादी खुणा कागदाने झाकाव्यात. प्रत्येक चित्रास क्रमांक देऊन नावे शिक्षकांनी आपल्याजवळ ठेवावीत. प्रत्येक विद्यार्थ्याने, शेजाऱ्याशी न बोलता, क्रमांकापुढे त्या व्यक्तीचा व्यवसाय लिहावा आणि आपणांस किती खात्री वाटते हेही शून्य ते दहा या मापाने नोंदवावे. व्यवसाय चार असल्याने निव्वळ अंदाजाने सुद्धा बारांपैकी सरासरी तीन उत्तरे बरोबर येतील. म्हणून तीनच्या आसपासचे गुण हे ज्ञान समजू नये. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात एखाद्याला सात गुण मिळाले, तरी तो योगायोग असू शकतो. त्याची परीक्षा नव्या बारा चित्रांवर पुन्हा घ्यावी.

यानंतर दोन कोष्टके करावीत. पहिल्यात प्रत्येक चित्राबाबत वर्गाचे एकमत किती होते ते, व दुसऱ्यात ते एकमत बरोबर होते की चूक ते मांडावे. खात्रीचे आकडे बरोबर उत्तरांपुढे मोठे आहेत की चुकीच्या उत्तरांपुढेही तितकेच, हे पाहावे. एक आठवड्याने त्याच बारा व्यक्तींची निराळ्या प्रसंगीची छायाचित्रे मिळवून, ती त्याच व्यक्तींची आहेत हे न सांगता, प्रयोग पुन्हा करावा. आणि एकाच माणसाला वर्गाने पहिल्या चित्रात काय ठरविले होते व दुसऱ्यात काय ठरविले, ते दोन्ही कागद शेजारी शेजारी भिंतीवर लावावेत.